आधी दम धरा : आर्मेनियन लोकधून वाद्यवृंदात पहिल्यांदाच आणणाऱ्यांसाठी

दुदुक हे आर्मेनियाचं वाद्य सहसा एकट्यानं वाजत नाही. जर्दाळूच्या लाकडाची छोटी नळी, तिच्या तोंडाशी बोरूची रुंद, चपटी पत्ती. एक जण धून वाजवतो. दुसरा तसलीच नळी घेऊन शेजारी बसतो आणि एकच सूर धरून ठेवतो. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा, पण सुरात खंड पडू द्यायचा नाही. लग्नात सनईवाल्याशेजारी सूर धरून बसलेला साथीदार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. आर्मेनियात या धरलेल्या सुराला ‘दम’ म्हणतात. शब्द फारशीतला, आपल्याकडे आला तोच.

मराठीत ‘दम धर’ म्हणजे घाई करू नकोस. मी पहिल्याच प्रयत्नात घाई केली. एक सुरेख गावधून मिळाली. तिच्याखाली ए मायनर, एफ, सी, जी असे कॉर्ड घातले, व्हायोलिनचा गालिचा अंथरला आणि येरेवानच्या एका दुदुकवादकाला ट्रॅक पाठवून दिला. त्यानं दोन टेक परत पाठवले. एक माझ्या कॉर्डवर, मागितला तसा. दुसरा न मागता, फक्त दमावर. दोन्ही लागोपाठ ऐकले आणि मी माझी फाइल पुसली. पहिल्या टेकमध्ये धून कुठल्याही जाहिरातीची वाटत होती.

म्हणून नवख्यांसाठी हा क्रम लिहितोय. कोणते कॉर्ड घालावेत याचं उत्तर यात उशिरा येईल, तेही अर्धवट.

पहिली पायरी : काय ऐकताय ते ओळखा

‘आर्मेनियन संगीत’ या एका नावाखाली निदान तीन वेगळे प्रवाह वाहतात. पहिला खेड्यातल्या गाण्यांचा: नांगरणीची, लग्नाची, अंगाईची, नाचाची गाणी. दुसरा अशुघ म्हणवणाऱ्या कवी-गायकांचा. हे कमांचा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) किंवा साझ (छेडायचं तंतुवाद्य) घेऊन दरबारात आणि बाजारात गायचे. अठराव्या शतकातला सायात-नोवा हा त्यांतला सर्वांत मोठा. तो आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी अशा तीन भाषांत रचना करायचा. तिसरा प्रवाह चर्चच्या स्तोत्रांचा, शाराकानांचा. ती आठ स्वरपद्धतींच्या चौकटीत बसवलेली असतात. या तिघांना एकाच पातेल्यात ढवळू नका. शेतातल्या गाण्यावर दरबारी नक्षी चढवली की जाणकार श्रोता लगेच भुवया उंचावतो.

पहिल्या प्रवाहाकडे जायची वाट कोमितास यांच्या दारातून जाते. ते १८६९ मध्ये कुताह्यात जन्मले, एच्मियाद्झिनच्या मठात वाढले, पाद्री झाले आणि १८९६ ते १८९९ बर्लिनमध्ये संगीत शिकले. त्यांनी गावोगाव फिरून ३०००हून अधिक गाणी उतरवून घेतली असं सांगतात; त्यांपैकी सुमारे १२०० उरली आहेत. २४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमध्ये शेकडो आर्मेनियन विचारवंतांबरोबर त्यांना पकडून हद्दपार केलं. ते परतले, पण मनानं खचलेले. १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या एका मनोरुग्णालयात ते गेले. हा इतिहास इथं सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. ज्या गावांत ही गाणी गायली जायची, त्यांतली कित्येक गावं आर्मेनियन वस्तीसकट नाहीशी झाली. गाण्याचं दुसरं रूप ऐकायला तिथं जाता येत नाही. कोमितास यांनी लिहून ठेवलं तेवढंच हाती आहे, तेव्हा त्यातला एखादा स्वर ‘चुकीचा वाटतो’ म्हणून बदलण्याआधी दहादा विचार करा.

ऐकण्याचा क्रम असा ठेवा. आधी कोमितास यांची गाणी, आवाज आणि पियानो एवढ्यावरची. मग सर्गेई आस्लामाझ्यान यांनी त्याच गाण्यांची चार तंतुवाद्यांसाठी केलेली छोटी रूपं. माझ्या मते नवख्याला यापेक्षा चांगली शाळा नाही: चारच वाद्यं, प्रत्येक सूर दिसतो, लपायला जागा नाही. नंतर खाचातुरियान, होवानेस आणि तेर्तेरियान हे विसाव्या शतकातले संगीतकार; ते पुढे येतीलच. चित्रपटांतला दुदुक सगळ्यात शेवटी. जिवान गास्पारियान यांचा दुदुक २०००च्या ‘ग्लॅडिएटर’मुळे जगभर पोचला हे खरं, पण तेव्हापासून वाळवंट, विधवा किंवा जळकं गाव पडद्यावर आलं की दुदुक वाजायचाच, अशी रीत पडली. आर्मेनियात दुदुक लग्नातही वाजतो आणि नाचालाही.

दुसरी पायरी : एकच धून घ्या आणि तिचे शब्द समजून घ्या

कोमितास यांचं ‘गारुन आ’ घ्या. पहिल्या शब्दांचा अर्थ ‘वसंत आलाय’. एवढंच वाचून कुणी बासऱ्या आणि घंटांचा वसंत लिहायला बसेल. पण ओळ पुढे जाते ती ‘बर्फ पडलंय’ याकडे, आणि त्यानंतर कळतं की गाणाऱ्याचा यार त्याला दुरावलाय. ‘यार’ हा शब्दही मूळ गाण्यात तोच आहे. वाद्यवृंदात शब्द उरणार नाहीत, म्हणूनच ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात पक्के हवेत.

भाषेतून आणखी एक गोष्ट मिळते. आर्मेनियन शब्दात आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर पडतो. त्यामुळे धुनेतला छोटा तुकडा हलक्या पावलांनी निघतो आणि शेवटी टेकतो. व्हायोलिनवादकाला काही सूचना नसेल तर तो पहिल्याच स्वरावर वजन टाकेल, कारण मात्रा तिथं आहे. प्रत्येक तुकड्यावर बो (गज) कुठून कुठपर्यंत ते तुम्हीच लिहा. मी तर शब्दांची अक्षरं पेन्सिलनं पार्टवर, म्हणजे वादकासमोरच्या स्वरलिपीच्या कागदावर, लिहून देतो. वादक आधी हसतात, पण वाजवतात बरोबर.

हक्कांचं थोडक्यात: कोमितास यांना जाऊन ६० वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे भारतात त्यांच्या रचना मोकळ्या आहेत. पण दुसऱ्या कुणी केलेल्या मांडणीचे हक्क वेगळे असतात. खाचातुरियान १९७८ मध्ये वारले, म्हणजे भारतात त्यांचं संगीत २०३८ अखेरपर्यंत विचारल्याशिवाय वापरता येणार नाही. मूळ धुनेवरून स्वतः काम करा, कुणाच्या मांडणीवरून नको.

तिसरी पायरी : सप्तक थोडा वेळ विसरा

हा भाग नीट वाचा, पेटी समोर असेल तर वाजवत वाचा.

आपल्याला सवय अशी की सा पासून सां पर्यंत गेलो, की वरचं सप्तक खालच्याचीच नक्कल. खाली शुद्ध ग असेल तर वरही शुद्ध गं. जुन्या आर्मेनियन धुनांची बांधणी वेगळी आहे. तिथं चार-चार स्वरांचे गट एकमेकांत अडकवलेले असतात, साखळीच्या कड्यांसारखे. एका गटाचा शेवटचा स्वर हाच पुढच्या गटाचा पहिला.

वाजवून पाहा. पहिला गट: सा रे ग म. आता म हाच नवा सा धरून तसाच गट: म प ध कोमल नि. आता कोमल नि पासून: कोमल नि, सां, रें, आणि चौथा स्वर येतो कोमल गं. खाली ग शुद्ध, वर गं कोमल! खमाजच्या स्वरांतून निघालात आणि वरच्या सप्तकात काफीच्या दारात पोचलात. हे केवळ स्वरांपुरतं म्हणतोय, रागांचं चलन इथं शोधू नका. आपल्याकडच्या कानाला आधी हे ‘दोन ग’ वाटतात. त्या संगीतात मात्र ते दोन वेगळ्या कड्यांमधले दोन वेगळे स्वर आहेत.

वाद्यवृंदात याचा परिणाम मोठा होतो. संगीतरचना शिकताना पहिली युक्ती हाती येते ती धून सप्तकभर वर-खाली दुप्पट करण्याची: चेलोनं खाली, व्हायोलिननं वर. इथं ती युक्ती जपून वापरा. धून खालच्या कड्यात असताना वरच्या कड्यातल्या एखाद्या वाद्याला तोच ग शुद्ध करून दिलात, तर साखळी तुटते आणि कानाला साधं मेजर स्केल ऐकू येतं. दुप्पट करायचंच असेल तर त्याच उंचीवर, वेगळ्या रंगाच्या वाद्यानं करा.

दुसरा सापळा याच्या अगदी उलटा. ‘पूर्वेकडचा’ रंग हवा म्हणून नवखे लोक कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधली भैरवसारखी मोठी उडी जिथं तिथं टाकतात. शहरी आणि अशुघ गाण्यांत ती भेटते. खेड्यातल्या कित्येक धुनांत तिचा मागमूसही नसतो. धुनेत असेल तर ठेवा, नसेल तर मसाला म्हणून वरून भुरभुरू नका.

चौथी पायरी : दम लावा

आता कॉर्डचा विचार न करता धुनेखाली फक्त एक सूर धरा. बहुधा तो धून जिथं येऊन टेकते तोच असेल. चांगला दमवाला मात्र दगडासारखा बसून राहत नाही. धुनेचं केंद्र सरकलं की तोही सरकतो आणि पुन्हा परत येतो. धून वीस-पंचवीस वेळा दमावर गाऊन पाहा आणि सूर कुठं हलावासा वाटतो तिथं खूण करा. दोन-तीन खुणा सापडल्या तर तोच तुमचा सगळ्यात खोल पाया. तानपुऱ्याची सवय असलेल्यांना ही पायरी सोपी जाते. फरक एवढाच की तानपुरा झंकारतो, त्यात प आणि सा दोन्ही असतात. दम मात्र एकाच सुराची सरळ, उबदार रेघ असतो.

वाद्यवृंदात ती रेघ कशी ओढायची? सिंथेसायझरवर एक पट्टी दाबून ठेवल्यासारखा सूर माणसं धरत नाहीत. समजा सूर ए आहे, आपली पांढरी सहा. चेलोंना तो सर्वांत वरच्या मोकळ्या तारेवर फुकट मिळतो, पण मोकळी तार उघडी आणि कडक बोलते. तो डीच्या तारेवर दाबून घ्यायला सांगा. व्हायोला जीच्या तारेवर. बो बदलायची वेळ प्रत्येक वादकाची वेगळी ठेवा आणि पार्टवर स्पष्ट लिहा, ‘बो एकत्र बदलू नये’. नाकानं श्वास घेत सूर न तोडणाऱ्या दमवाल्याचं हे तंतुवाद्यांतलं रूप. वर एक क्लॅरिनेट खालच्या पट्टीत, अगदी शून्यातून उगवणारं. त्याचा श्वास संपत आला की दुसऱ्यानं न कळत आत शिरायचं. एवढ्यावर थांबा. डबल बास आत्ता नको. तो आला की कानाला लगेच ‘मूळ कॉर्ड’ ऐकू यायला लागतो.

आवेत तेर्तेरियान यांची १९७५ची तिसरी सिम्फनी या जागी ऐका. त्यांनी दुदुक आणि झुर्ना (सनईच्या जातीचं कर्कश वाद्य) वाद्यवृंदात आणून बसवले, पण पाहुणे म्हणून नाही. धरलेला सूर हीच तिथं घडणारी घटना आहे आणि अख्खा वाद्यवृंद तिच्याभोवती फिरतो. पहिल्यांदा ऐकताना ‘यात काही घडतच नाही’ असं वाटलं, तर आवाज वाढवून पुन्हा ऐका.

पाचवी पायरी : कॉर्ड धुनेतूनच काढा

आता उरलेलं अर्धवट उत्तर. कोमितास बर्लिनमध्ये जर्मन पद्धतीची स्वरसंगती पूर्ण शिकले होते, पण गाण्यांवर त्यांनी ती तशीच लादली नाही. धुनेचे स्वर एकमेकांपासून चौथ्या-पाचव्या अंतरावर टेकतात, म्हणून साथीतही तीच अंतरं; एक सूर धरलेला, दुसरा हलणारा; कधी धुनेचाच तुकडा खालच्या आवाजात उशिरानं उगवणारा. साथीत बाहेरचा स्वर जवळजवळ येतच नाही.

करून बघायची रीत सोपी आहे. धुनेत येणारे स्वर कागदावर लिहा. साथीत तेवढेच वापरा. दोन स्वर एकत्र ठेवताना सा-म, सा-प, रे-प अशा जोड्या आधी लावा. मग मुद्दाम शेजारचे दोन स्वर एकत्र ठेवून बघा: सा आणि रे, म आणि प. खरखर होईल. ती घालवू नका. खाचातुरियान यांच्या संगीतात ही शेजारच्या सुरांची टक्कर सतत ऐकू येते आणि तिचं मूळ त्यांनी स्वतःच सांगितलंय: लहानपणी तिबिलिसीत ऐकलेले तार (हे छेडायच्या एका वाद्याचं नाव), कमांचा आणि डफ यांचे ताफे. १९४२ मध्ये पेर्मला पहिल्यांदा झालेल्या त्यांच्या ‘गायाने’ बॅलेतला तलवारीचा नाच सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा मधला भाग ऐका, तिथं आर्मेनियातल्या ग्युम्री शहराकडची लग्नातल्या नाचाची धून आणि सॅक्सोफोन एकत्र नांदतात. मिश्रण म्हणतात ते हेच.

अगदी वेगळी वाट अॅलन होवानेस यांची. वडील आर्मेनियन, जन्म १९११, अमेरिकेतला. पियानो आणि तंतुवाद्यांसाठीच्या त्यांच्या १९४४च्या ‘लुसाद्झाक’मध्ये पियानो आर्मेनियन तंतुवाद्यांसारखा एकेरी धून छेडत जातो, आणि काही जागी बाकीचे वादक दिलेला तुकडा आपापल्या गतीनं, एकमेकांशी ताल न जुळवता घोळवत राहतात. कॉर्ड नाही, पण गुंजन भरगच्च. नवशिक्यासाठी ही युक्ती सोन्यासारखी आहे: लिहायला सोपी, वाजवायला सोपी, आणि धुनेच्या स्वरांबाहेर जात नाही. हेच होवानेस १९५९-६० मध्ये मद्रासला येऊन कर्नाटक संगीत शिकले होते. त्यांचं संगीत आपल्या कानाला परकं का वाटत नाही, याचं थोडं उत्तर तिथं असावं.

सहावी पायरी : खरं वाद्य की त्याची सावली?

खरा दुदुकवादक मिळत असेल तर लिहिण्याआधी त्याच्याशी बोला. आवाका जेमतेम सव्वा सप्तकाचा. नेहमी भेटणारा दुदुक ए पट्टीचा, पण इतर पट्ट्यांचेही असतात. कोणता घेऊन येणार ते विचारून मगच तुमची पट्टी ठरवा. पडदे नाहीत, अर्धे सूर भोक अर्धवट झाकून काढायचे, म्हणून भराभर अर्ध्या सुरांच्या सरी लिहू नका. आवाज मऊ, त्यामुळे ब्रास (पितळी वाद्यं) सुरू असताना तो बुडणारच. पत्ती ओली आणि गरम व्हायला वेळ लागतो, तोवर सूर सरकतो. तालमीत पहिली दहा मिनिटं त्याला मोकळी द्या. वाद्यवृंदाकडे त्याच्यासाठी वाट पाहायला वेळ नसतो आणि मग दोष वाद्यावर येतो.

वादक नसेल तर नक्कल करू नका, सावली धरा. इंग्लिश हॉर्नच्या खालच्या सुरांत दुदुकची ऊब आहे. म्यूट (आवाज दबवायची चिमटी) लावलेला व्हायोलाही चालतो. झुर्ना म्हणजे मैदानातला कर्कश, आनंदी आवाज, तो ओबो आणि म्यूट लावलेला ट्रम्पेट एकाच सुरावर ठेवून येतो. कानोन या मांडीवर ठेवून छेडायच्या तंतुवाद्यासाठी हार्पची तार लाकडाजवळ छेडायला सांगा, सोबत व्हायोलिनची बोटानं छेडलेली तार. ढोल तर नावानंही आपलाच, फक्त तिथं तो बहुधा हातानं वाजवतात; टॉम-टॉमवर काठीऐवजी बोटं वापरा. कोमितास यांनीही पियानोच्या नाचांत कोणत्या लोकवाद्यासारखं वाजवायचं ते लिहून ठेवलं होतं. संगणकावरचे तयार दुदुक सॅम्पल कच्च्या खर्ड्यापुरते ठीक. त्यातला थरथराट प्रत्येक सुरावर एकसारखा येतो आणि पाचव्या सुराला कान ओळखतो.

लयीचं फार सांगत नाही, कारण त्यात आपण कच्चे नाही. झपताल २-३-२-३ मोजणाऱ्याला पश्चिम आर्मेनियन गाण्यांतल्या दहा मात्रा, ३-२-२-३, दोन दिवसांत जमतात. तामझारा नाच नऊ मात्रांचा. पाश्चात्त्य वादकांसाठी मात्र गट स्वरलिपीत तुटक रेघेनं दाखवा, नुसतं वर ‘१०/८’ लिहून सुटका नाही.

सातवी पायरी : तीन मिनिटांचा पहिला तुकडा

सिम्फनी नको. तीन मिनिटं, एक धून, पंधरा-वीस वादक.

पहिलं अर्धं मिनिट फक्त दम: व्हायोला आणि चेलो, मग क्लॅरिनेट. श्रोता अस्वस्थ होईपर्यंत थांबा. तुम्ही स्वतः त्याच्या आधीच अस्वस्थ व्हाल. मग धून एकदा पूर्ण, इंग्लिश हॉर्नवर किंवा दुदुकवर, खाली दमाशिवाय दुसरं काही नाही. दुसऱ्या वेळी दम दोन खुणांच्या जागी हलवा आणि एका व्हायोलाला चौथ्या अंतरावरची जोडी द्या. तिसऱ्या वेळी धून वरच्या कड्यात जाते, तिथला कोमल गं जपा. इथं व्हायोलिनना आपापल्या गतीचे तुकडे घोळवू द्या, आणि पहिल्यांदाच डबल बास आणा. शेजारच्या सुरांची टक्कर इथं, एकदाच, जोरात. मग सगळं गळू द्या.

शेवटच्या मापाबद्दल एक सूचना. धून टेकली की सगळे एकदम थांबवायचा मोह होतो, कंडक्टरलाही. पार्टवर लिहून ठेवा: धून संपल्यावर दम आणखी आठ मात्रा, आधी क्लॅरिनेट विरेल, मग चेलो, शेवटी एकटा व्हायोला, बो संपेपर्यंत.